टोमॅटोचे बियाणे, रोग आणि रंग
(बाग, जि. धार येथे शेतकरी, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे केलेले भाषण)



बाग हे गाव तांबड्या आणि काळ्या छपाईसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. तुरटीवाचून कापडावर तांबडा रंग बसत नाही व लोखंडावाचून काळा उठत नाही, हे येथील छपाईकारांना सांगावे लागत नाही. टोमॅटोच्या तांबड्या रंगाचेही असेच आहे. तो कसा येतो आणि का बिघडतो, हे ज्याला समजले, त्याचे नुकसान पुष्कळ अंशी टळते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो. सन 2020 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील पुणे व तेव्हाचा अहमदनगर या जिल्ह्यांत टोमॅटोची फळे एकसारखी तांबडी न होता पिवळट, पांढुरक्या डागांची निघू लागली. लोकांनी या रोगाला ‘तिरंगा’ असे नाव दिले. टाळेबंदीमुळे बाजार आधीच मंदावलेला, त्यात असा माल कोण घेणार? कोणी बियाण्याला दोष दिला, कोणी खताला, कोणी हवेला. अखेर नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे गेले. तेथील तपासणीत काकडीवरील मोझॅक विषाणूसह एकाहून अधिक विषाणू आढळले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. टोमॅटोचा तांबडा रंग लायकोपीन या द्रव्यामुळे येतो. हे द्रव्य सुमारे 20 ते 25 अंश उष्णतेत उत्तम तयार होते व 30 अंशांच्या वर ती क्रिया मंदावते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात निरोगी झाडाची फळेही पिवळट राहू शकतात. म्हणजेच एकच लक्षण, पण कारणे निरनिराळी. नुसत्या डोळ्यांनी पाहून निदान करू नये, ते प्रयोगशाळेवर सोपवावे, हा त्या प्रसंगाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा रोगाच्या वाटेचा. बोकड्या, म्हणजे पाने आकसून झाड खुरटविणारा रोग, पांढरी माशी पसरविते. काकडीवरील मोझॅक मावा पसरवितो. शेंडे करपविणारा भुईमुगावरील विषाणू फुलकिड्यांमार्फत येतो. टोमॅटोचा स्वतःचा मोझॅक तर बियाण्यातून आणि मजुरांच्या हातांतूनही जातो. चोर चार वाटांनी येत असतील, तर एकाच दाराला कुलूप घालून भागत नाही.

आता बियाण्याकडे वळू. बोकड्या रोगाचा अभ्यास आपल्या देशात सन 1948 पासून झालेला आहे. लागवडीच्या टोमॅटोत या रोगाला तोंड देण्याची शक्ती फारशी सापडेना. तेव्हा शास्त्रज्ञांनी दक्षिण अमेरिकेतील डोंगराळ भागात वाढणाऱ्या रानटी टोमॅटोकडे लक्ष दिले. त्याची फळे हिरवी, केसाळ आणि लहान असतात. बाजारात त्यांना कोणी हात लावणार नाही. परंतु त्यांच्यातील प्रतिकारशक्ती आपल्या शास्त्रज्ञांनी संकराने लागवडीच्या टोमॅटोत आणली, आणि त्या कामाचा वृत्तांत सन 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेली ‘एच-24’ ही ओळ पुढे परदेशांतील पैदासकारांनीही वापरली. बंगळूरच्या संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण बोकड्या, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा अशा तिन्ही रोगांना तोंड देतो. सन 2012 मध्ये चौदा देशांच्या शास्त्रज्ञांनी टोमॅटोच्या बारा गुणसूत्रांवरील सुमारे 35,000 जनुकांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यातील पाचव्या गुणसूत्राचे काम भारताकडे होते.

परंतु पाकिटावर ‘रोगप्रतिकारक’ असे छापलेले असले, तरी कोणत्या रोगाला, हे विचारल्यावाचून पैसे मोजू नयेत. बोकड्याला न जुमानणारे झाड मोझॅकला सहज बळी पडू शकते. तसेच सन 2014 मध्ये महाराष्ट्रात प्रथम आढळलेली, दक्षिण अमेरिकेतून आलेली पाने व फळे पोखरणारी नागअळी रोगप्रतिकारक वाणालाही सोडत नाही. संकरित वाणाच्या फळातील बी पुढील वर्षी पेरल्यास गुण विस्कटतात. शिक्षकांनी शाळेच्या वाफ्यात असे बी लावून दाखविले, तर आनुवंशिकतेचा पाठ मुलांना वेगळा शिकवावा लागणार नाही.

फळ पिकण्याविषयी थोडे सांगून भाषण आटोपतो. फळ स्वतःच इथिलीन वायू निर्माण करते व त्यामुळे पिकते. पिकणे रोखणारा एक जनुक सन 1968 पासून ज्ञात आहे. संकरात त्याचा एकेरी वाटा आला, तर फळ सावकाश पिकते व अधिक दिवस टिकते. सन 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुक संशोधन संस्थेने फळ मऊ करणाऱ्या दोन विकरांना आवर घालून टिकाऊपणा सुमारे तीस दिवसांनी वाढविला. मात्र तसे बियाणे अद्याप बाजारात नाही. तोपर्यंत दूरच्या बाजारासाठी फळाच्या टोकाला गुलाबी झाक येताच तोडणी करावी, हा उपाय आपल्या हाती आहे. कार्बाइडने फळे पिकविणे आरोग्यास घातक असून कायद्याने मना आहे.

सारांश, रोपे बारीक जाळीखाली वाढवावीत. शेताभोवती मक्याच्या ओळी घ्याव्यात. रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करावे. तंबाखू मळलेल्या हातांनी रोपांना स्पर्श करू नये. टोमॅटोनंतर त्याच शेतात मिरची वा वांगे घेऊ नये. बियाण्याची पावती व पाकीट पीक निघेपर्यंत जपून ठेवावे, कारण तक्रारीच्या वेळी तोच पुरावा असतो. अधिकारी मित्रांना एवढीच विनंती की, नमुना वेळेवर प्रयोगशाळेत पोहोचेल व अहवाल पीक उभे असतानाच शेतकऱ्याच्या हाती पडेल, असे पाहावे. पीक गेल्यावर मिळालेल्या निदानाचा त्याला त्या हंगामात उपयोग नसतो.