मनाच्या दुखण्यास आपलें दार उघडा
(सुवर्णमहोत्सवी सभेंत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



गेल्या ५० वर्षांच्या कृपेबद्दल आज आपण परमेश्वराचे उपकार मानीत आहोंत. महोत्सव म्हटला म्हणजे देवालयाची रंगरंगोटी, बँड व मेजवानी हीं आलींच. परंतु पवित्र शास्त्राप्रमाणें जुबिलीचें वर्ष म्हणजे दबलेल्यांच्या मुक्ततेचें वर्ष होय. आपल्या वसईच्या आळीआळींतून असे कांहीं बंधुभगिनी आहेत कीं, त्यांचें ओझें आपण दिसूनहि पाहत नाहीं. मी मनाच्या आजाराविषयीं बोलत आहें.

ताप आला म्हणजे आपण डॉक्टरकडे धांवतों. पाय मोडला तर शेजारी मदतीस येतात. परंतु बाळंतीण सून दिवसेंदिवस रडत बसली किंवा तरुण मुलगा एकटाच बडबडूं लागला कीं, घराचें दार लागतें. लोक काय म्हणतील, धाकटीचें लग्न कसें जमेल, या चिंतेंत वर्षें जातात. कोणी नजर लागली म्हणतो, कोणी भूतबाधा म्हणतो; औषध मात्र मिळत नाहीं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत दर दहा प्रौढांमागें सुमारें एकास मनोविकार असल्याचें आढळलें, आणि त्यांतील बहुतेक उपचारावांचून होते.

प्रार्थना सोडा, असें धर्मगुरु कसा म्हणेल? परंतु सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वाचा: वैद्यास देवानेंच निर्मिलें आहे आणि औषधें त्यानेंच भूमींतून उपजविलीं आहेत, अशी तेथें शिकवण आहे. मग गोळी घेणें हा श्रद्धेचा अभाव कसा? सोळाव्या शतकांत स्पेनमधील ग्रानादा शहरीं एका मनुष्यास वेडा ठरवून कोंडलें व फटके मारले. सुटल्यावर त्यानें त्याच शहरांत रुग्णालय उघडलें. तोच संत जॉन ऑफ गॉड, रुग्णांचा व रुग्णालयांचा आश्रयदाता. बेल्जममधील गील गांवीं संत दिम्फनेच्या भक्तीपासून मनोरुग्णांस आपल्या घरांत ठेवून सांभाळण्याची चाल पडली, ती शतकानुशतकें चालत आली आहे.

तथापि केवळ दया पुरेशी नाहीं. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालीं स्थापन झालें. त्यानें असंख्य कुटुंबांस आधार दिला आहे. परंतु दर महिन्यास औषधाकरितां घोडबंदरच्या वाटेनें तेथें जावयाचें म्हणजे रोजंदारीवाल्याची मजुरी बुडते. दोनचार फेऱ्यांनंतर औषध सुटतें आणि दुखणें उलटतें. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट सांगतो कीं, रुग्णास दूरचा प्रवास करावा न लागतां घराजवळ सेवा मिळावी; आवश्यक औषधसूचींतील मनोविकाराचीं औषधें सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी संस्थांत मोफत असावींत. ही भीक नव्हे. हा हक्क आहे.

म्हणून या महोत्सवाची एक खूण म्हणून आपण तीन गोष्टी करूं या. पहिली, आपल्या नजीकच्या सरकारी रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञाचा ठराविक वार असावा व औषधांचा सांठा कधीं खुंटूं नये, असा अर्ज महानगरपालिकेस व जिल्ह्याच्या आरोग्य खात्यास करावा. मिस्सेनंतर प्रत्येक कुटुंबानें त्यावर सही करावी. दुसरी, ज्या घरीं असा रुग्ण आहे तेथें आपल्या मंडळींनीं उपदेश करावयास नव्हे, तर सोबत जावयास जावें. तिसरी, १४४१६ हा आंकडा घरोघरीं भिंतीवर लिहून ठेवावा. २०२२ पासून चालू असलेल्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा तो मोफत दूरध्वनि आहे. रात्रीं-अपरात्रीं, जीव नकोसा झाला असतांहि, तेथें बोलतां येतें.

प्रभु येशूनें गेरसेकरांच्या प्रदेशांत थडग्यांतून राहणाऱ्या, सर्वांनीं टाकलेल्या मनुष्यास बरें केलें आणि त्यास आपल्या घरीं, आपल्या माणसांकडे परत पाठविलें. त्या घरचें दार उघडें ठेवणें हें आतां आपलें काम आहे. आपली माता पवित्र मरिया या कार्यास साहाय्य करो. आमेन.