डेरीनॅनची वाट
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आयर्लंडमधील प्रवासावर बोलण्याची आज्ञा संयोजकांनी केली, तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "आपल्या व्यासपीठावर सहलीची वर्णने कशाला?" प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर बाबासाहेबांच्याच चरित्रात सापडते.

१९३४ साली बाबासाहेब चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून मंडळी थांबली. धुळीने माखलेल्या काहींनी वेशीबाहेरील टाक्याच्या पाण्याने हातपाय धुतले, आणि पाणी बाटले म्हणून गहजब उडाला. अखेर किल्ल्यात प्रवेश मिळाला तो आत कोठेही पाण्याला स्पर्श न करण्याच्या अटीवर. पहाऱ्याला सशस्त्र शिपाई देऊन! हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ज्या समाजाच्या महामानवाला इतिहास पाहण्यासाठी पहाऱ्यात फिरावे लागले, त्या समाजाने मोकळेपणी एखादी वास्तू पाहणे, हा हक्क बजावणेच होय.

आम्ही उभयता वैद्यकीय व्यवसायाच्या निमित्ताने या देशात आलो. रुग्णाचा पूर्वेतिहास विचारल्यावाचून निदान करू नये, असे आम्हांस शिकविले गेले. देशालाही तोच नियम लागू पडतो. म्हणून सुट्टी मिळेल तेव्हा आम्ही नकाशा घेऊन निघतो.

डब्लिनच्या हमरस्त्याला डॅनियल ओकॉनेल यांचे नाव आहे. तेथील त्यांच्या स्मारकाच्या तळाशी पंख असलेल्या स्त्रीमूर्ती आहेत. त्यांच्या अंगावर १९१६ च्या उठावातील गोळ्यांची छिद्रे अजून दिसतात. हे नाव आपणांस परके नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा देताना बाबासाहेबांनी याच आयरिश देशभक्ताचा दाखला दिला होता. कृतज्ञतेपोटी माणसाने आपला सन्मान आणि राष्ट्राने आपले स्वातंत्र्य गमावू नये, असा त्याचा आशय होता. तो दाखला ज्यांचा, त्यांचे घर पाहावे, या ओढीने आम्ही केरी परगण्याची वाट धरली.

किलार्नी सोडून रस्ता समुद्राकडे वळला की पाऊस आणि ऊन एकमेकांचा पाठलाग करू लागतात. दगडी कुंपणांत बांधलेली हिरवी शेते, मेंढरांचे कळप आणि मध्येच उघडणारा अटलांटिक पाहून कोकणची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कूमाकिस्ताच्या खिंडीतून खाली डेरीनॅनचा उपसागर दिसतो. पांढऱ्या वाळूचा किनारा आणि झाडांत दडलेले घर. कोमट सागरी प्रवाहामुळे येथे थंडी बेताची असते. त्यामुळे उष्ण प्रदेशातील वृक्षनेचेही बागेत वाढतात. ओहोटीच्या वेळी चालत जाता येईल अशा बेटावर मठाचे भग्नावशेष आहेत. ओकॉनेल यांच्या पत्नी मेरी तेथे चिरविश्रांती घेत आहेत.

ओकॉनेल यांचा जन्म १७७५ चा. बहुसंख्य असूनही कॅथलिकांना स्वतःच्या देशात जमीन, शिक्षण आणि अधिकारपदे यांबाबत कायद्याने जखडून ठेवले होते. ओकॉनेल शिकण्यासाठी फ्रान्सला गेले, पुढे नामांकित बॅरिस्टर झाले. १८२८ मध्ये क्लेअर परगण्यातून ते संसदेवर निवडून आले. परंतु आपला धर्म नाकारणारी शपथ घेतल्याखेरीज तेथे बसता येत नव्हते. या निवडणुकीने सरकार हादरले आणि १८२९ मध्ये संसदेचे दार कॅथलिकांना खुले झाले.

येथवरची कथा अभिमानाची आहे. परंतु तिचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. त्याच वर्षी मतदानासाठी लागणारी मालमत्तेची मर्यादा चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यात आली. परगण्यांतील मतदार सुमारे २,१६,००० होते, ते सुमारे ३७,००० उरले. ज्या गरीब कुळांनी जमीनदाराचा रोष पत्करून ओकॉनेल यांना निवडून दिले, त्यांचेच मत गेले. बॅरिस्टर आत गेले, शेतकरी बाहेर राहिले! विभूतिपूजा नको असेल तर ओकॉनेल यांच्या विजयाचा हा हिशेबही मांडलाच पाहिजे. आणि परदेशात स्थिरावलेल्या आपण डॉक्टर-इंजिनीअरांनी तो विशेषत्वाने मांडावा. आपण आत आलो. आपल्याला येथवर पोहोचविणाऱ्या वस्त्यांचे काय झाले?

त्याच द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकाहून, आभाळ स्वच्छ असेल तर, समुद्रात स्केलिग मायकेलचा सुळका दिसतो. सहाशेहून अधिक दगडी पायऱ्या चढून गेल्यावर, चुन्यावाचून रचलेल्या, मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराच्या कुट्या लागतात. सुमारे हजार-बाराशे वर्षांपूर्वी तेथे ख्रिस्ती भिक्षू राहत. नावा फक्त उन्हाळ्यात आणि समुद्र शांत असेल तरच जातात. कान्हेरी-कार्ल्याचे विहार पाहिलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटते, पण भेदही जाणवतो. आपले अनेक विहार व्यापारी मार्गांलगत, लोकांच्या दानावर उभे राहिले. हे भिक्षू लोकांपासून दूर, सागराच्या तोंडाशी गेले.

परतीच्या वाटेवर कॉर्कजवळचे कोव्ह बंदर अवश्य पाहावे. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. याच बंदरातून पुढे लाखोंनी मायदेश सोडला. धक्क्यावर ॲनी मूर या मुलीचा दोन धाकट्या भावांसह पुतळा आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नोंद झालेली ती पहिली प्रवासी. आमच्याजवळ निदान नोकरीचे पत्र होते. त्या लेकरांजवळ काय होते, हा विचार मनात येतो आणि या देशातील माणूस परका वाटेनासा होतो.

बंधु-भगिनींनो, या उन्हाळ्यात मुलांना घेऊन बाहेर पडा. केवळ छायाचित्रे काढून परतू नका. ही वास्तू कोणाच्या श्रमाने उभी राहिली आणि कोणाला तिच्या दाराबाहेर ठेवले होते, एवढे मुलांना विचारू द्या. पुढे सुट्टीत भारतात गेलात, तर आजी-आजोबांच्या भेटी आटोपल्यावर एक दिवस वेरूळसाठी राखा आणि वाटेत दौलताबादला थांबा. तेथे मुलांना १९३४ ची हकिकत सांगा. त्यांना ती वेशीपाशी उभे राहून ऐकू द्या. मग ती पाठ करून घ्यावी लागणार नाही.



नमो बुद्धाय! जय भीम!