आपल्या नगराभोवतीची प्रेक्षणीय स्थळे
(महोत्सवी मेळाव्यात दिलेले भाषण)



महोत्सवाची सहल कोठे न्यावी, हा प्रश्न निघाला तेव्हा कोणी वेलंकनी सुचविले, कोणी जुने गोवे. दोन्ही स्थाने पवित्र. तेथे अवश्य जावे. परंतु आपल्यापैकी देवगिरीचा किल्ला किती जणांनी पाहिला आहे, असे आम्ही विचारताच पुष्कळांनी माना खाली घातल्या. एकाने तर, "फादर, ते आपले कोठे?" असा उलट प्रश्न केला. आज त्याच प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

आपल्या धर्मग्रामात नगर-जालन्याकडील कुटुंबे आहेत, गोव्याहून चाकरीनिमित्त आलेलीही आहेत. त्यामुळे आपण येथले बिऱ्हाडकरू, अशी भावना मनात घर करून राहते. पण हे नगर वसविणारा तरी कोण? मलिक अंबर, हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मनुष्य! निजामशाहीचा वजीर होऊन त्याने १६१० साली खडकी येथे हे नगर वसविले आणि डोंगरातील पाणी भुयारी नहरीने घरोघर पोहोचविले. त्याच खडकीचे पुढे औरंगाबाद व २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले.

पाणचक्कीस गेलेली मुले हौदातील मासे पाहूनच परततात. लांबच्या झऱ्याचे पाणी मातीच्या बंद नळांतून येऊन जाते फिरवी व दर्ग्यातील फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई, हे त्यांस कोणी तरी समजावून सांगावे.

देवगिरी ही यादवांची राजधानी. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलवून हिचे नाव दौलताबाद ठेविले. खडकात खोदलेला खंदक व अंधारी वाट पाहिल्यावाचून परतू नये. वयस्कांनी मात्र चांदमिनाराच्या सावलीतच बसावे; वरची चढण आम्हांसही सोसत नाही.

तेथून खुलताबाद जवळच. १७०७ साली मरण पावलेला औरंगजेब बादशहा तेथे उघड्या आकाशाखाली साध्या कबरीत पुरलेला आहे. आणि त्याच गावी मलिक अंबराच्या कबरीवर मात्र भव्य घुमट आहे. वेरूळच्या ३४ लेण्यांत बौद्ध, हिंदू व जैन शेजारीशेजारी नांदतात. कैलास तर कळसापासून पायाकडे कोरीत आणिला आहे. त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही, तो पाहावाच.

आता पैठण. सातवाहनांचे प्रतिष्ठान ते हेच. नाथसागराचे पाणी पाहावयास आपण जातो, पैठणीही विकत घेतो, आणि एकनाथांच्या वाड्यावरून तसेच पुढे निघतो. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली व १५९९ साली येथेच देह ठेविला. त्यानंतर अवघ्या १७ वर्षांनी, १६१६ साली, गोव्यात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. हा इंग्रज जेझुइट. त्यास लॅटिन उत्तम येत होती. तरी प्रभूची कथा सांगण्यास त्याने सुमारे ११,००० ओव्या रचिल्या. ओवी! जी ज्ञानेश्वरांची, जी एकनाथांची, तीच. मग पैठण आपले नव्हे, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

येत्या रविवारी मिस्सा आटोपताच गाडी पैठणास निघेल. भाकरी व पाणी बरोबर घ्यावे. क्रिस्तपुराणातील चार ओव्या चालीवर म्हणता येणाऱ्यांनी आमच्याजवळ नावे द्यावीत. गोदावरीच्या घाटावर बसून म्हणू.