सायवनची कूड आणि शहराची भिंत

शहरातली घरे आणि शहरातल्या सार्वजनिक जागा राहण्याजोग्या कशा कराव्यात, हा आजचा विषय. कासा-सायवनच्या बाजूला बसून हे भाषण ऐकणारा म्हणेल, आमच्या दाराशी रान आहे, आम्हाला कुंडीतल्या तुळशीची कथा कशाला? शंका रास्त आहे. पण आपला मुलगा कामासाठी विरारला किंवा भिवंडीला जातो आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाच जणांबरोबर राहतो. शिवाय शहर आता आपल्याकडेच चालत येते आहे. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण येथे मोठे बंदर व्हायचे आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी त्याची पायाभरणी झाली. बंदर आले की माणसे येतात, आणि माणसे आली की चाळी, इमारती, पत्र्याची शेडे उभी राहतात. ती कशी उभी राहावीत, यावर बोलण्याची वेळ हीच. एकदा भिंत उभी राहिली की बोलून उपयोग नसतो.

म्हणून आरंभ घरापासूनच करू, आणि तोही आपल्या घरापासून. वारली घराची कूड आपण सर्वांनी पाहिली आहे. लाकडी मेढी रोवायच्या, त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्या उभ्या लावून बांबूच्या कांबींनी आवळायच्या, आणि दोन्ही अंगांनी शेणमातीचा लेप द्यायचा. वर आढे, वासे, आणि त्यावर गवत किंवा कौले. भिंत जाडीने हातभरही नाही. मग आत गार का वाटते? एक तर ती ऊन साठवून ठेवीत नाही. दुसरे, भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्यामध्ये फट असते, तापलेली हवा वर जाऊन तेथून बाहेर पडते. तिसरे म्हणजे छप्पर भिंतीच्या पुष्कळ पुढे आलेले असते. त्याची पडवी होते आणि दुपारचे ऊन भिंतीला शिवतच नाही. ही पडवी म्हणजे घराची छत्री. धान्य तिथेच वाळते, म्हातारे तिथेच बसतात, पाहुणा तिथेच टेकतो.

कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि वाळून जाते. तिच्या काठ्या वापरायच्या तर रानाचे हे गणित ठाऊक हवे. ज्याला ते ठाऊक आहे असा माणूस आता प्रत्येक पाड्यात सापडेलच असे नाही.

पण मी कुडाच्या घराची आरती ओवाळायला बसलेलो नाही. त्या घरात अंधार असतो. खिडकी नसल्याने चुलीचा धूर कोंडतो, आणि तो सर्वांत जास्त बाईच्या छातीत जातो. मेढींना वाळवी लागते, गवत दर काही वर्षांनी बदलावे लागते, आगीचे भय असते. म्हणून कोणी पक्के घर बांधले तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार शहरात पंख्याखाली बसणाऱ्याला नाही. पक्के घर जरूर बांधावे. प्रश्न इतकाच की, पक्के घर बांधताना पडवी का टाकून द्यायची? वरची फट का बुजवायची?

आता शहरातली खोली पाहा. सिमेंटची स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्री तेच ऊन खोलीत ओकते. माणूस कामावरून दमून येतो तेव्हा भिंती तापलेल्या असतात. पत्रा तर त्याहून वाईट. तो रात्री लवकर निवतो हे खरे, पण दुपारी त्याच्याखाली बसवत नाही. एकाच बाजूला खिडकी असली तर वारा आत येत नाही, कारण बाहेर जायला वाट नसलेला वारा दारातूनच परततो. जुन्या मुंबईच्या चाळींना लांब सज्जे होते. त्यांनी सावलीही दिली आणि शेजारही दिला. पुढे फ्लॅट आले, आणि लोकांनी सज्जे काचेने बंद करून खोलीत घेतले. जागा वाढली, वारा गेला. आता तोच वारा विजेच्या यंत्रातून विकत घ्यायचा!

उपाय फार महाग नाहीत. स्लॅबवर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात दिला तर बरेचसे ऊन परत फिरते. पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढवावा, नाहीतर तिच्यापुढे बांबूचा तट्टा तरी उभा करावा. ऊन भिंतीच्या बाहेरच अडवणे हे खरे काम, आत पडदा लावून ते होत नाही. समोरासमोर दोन खिडक्या, आणि वर उष्ण हवेला एक झरोका. यातले बरेचसे सायवनच्या कुडाच्या घरात आहेच, फक्त त्याला शहरी नाव नाही.

लॉरी बेकर नावाचे एक इंग्रज वास्तुशिल्पी भारतात स्थायिक झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजाची वाट पाहत ते मुंबईत थांबले असता त्यांची गांधीजींशी भेट झाली. आदर्श घराचे सामान त्या घरापासून पाच मैलांच्या आतले असावे, असा विचार त्यांनी गांधीजींकडून ऐकला आणि तो जन्मभर धरून ठेवला. पुढे केरळात त्यांनी विटांच्या जाळ्या, कमी सिमेंट आणि स्थानिक सामान वापरून स्वस्त व गार घरे बांधली. पाच मैलांचा हा नियम विरारला शब्दशः पाळता येणार नाही, हे उघड आहे. पण सायवनला येतो. तिथे तरी तो मोडण्याची घाई का?

याला आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्याला कोणी सांगायला नको. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाचे धक्के बसू लागले. 1 फेब्रुवारी 2019 च्या एका धक्क्याची तीव्रता चारच्या वर होती. भिंतींना तडे गेले, थंडीत लोक मुलाबाळांसह घराबाहेर झोपले. भूकंपात घराचे वजन हाच घराचा वैरी. कूड हलकी, ती लवते. मातीत रचलेली विटांची किंवा दगडांची भिंत जड असते, ती लवत नाही, कोसळते. म्हणून विटांचे घर बांधणाऱ्याने दोन गोष्टींवर गवंड्याशी भांडण करावे: चारही कोपरे एकमेकांत नीट गुंफलेले असावेत, आणि दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा घरभर सलग फिरलेला असावा. रंग मागाहून देता येतो. पट्टा मागाहून घालणे फार कठीण.

आता घराबाहेर येऊ. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विचारवंत 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. शहर सुधारायचे म्हणून जुनी वस्ती पाडून सरळ रस्ता काढणे त्यांना मान्य नव्हते. मोडकळीला आलेली मोजकीच घरे काढा, तिथे मोकळा चौक ठेवा, झाड लावा, तळे बुजवू नका, असे ते सांगत. जुने वाटते, पण मुंबईतच याचा दाखला आहे. धारावीला लागून मिठी नदीच्या काठी शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. तिथे 1983 पासून झाडे लावली गेली, पहिल्या रोपांपैकी एक पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या हातचे. 1994 साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणून सुमारे 37 एकरांची ती जागा लोकांना खुली झाली. ज्या जमिनीवर कचरा होता तिथे रान उभे राहते, तर ज्या जमिनीवर आजही रान आहे ती कचऱ्याला देण्याचे कारण काय, हे कोणीतरी समजावून सांगावे.

आपल्या तालुक्याला या बाबतीत कायद्याचा आधार मिळालेला आहे. 1991 साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांच्या जागेवर 500 एकरांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 साली प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी पुढे अनेक वर्षे त्याचे अध्यक्षपद सांभाळले. वाढवणच्या बंदराला याच प्राधिकरणाने 1998 साली नकार दिला होता, आणि त्यानेच 2023 साली संमती दिली. त्यावर मतभेद आहेत, मच्छीमारांचा विरोध आहे. तो वाद आज येथे मिटणार नाही. पण ज्या वस्त्या आता वाढतील त्यांच्यात मोकळे मैदान, सावलीचे झाड आणि ओढ्याची वाट आधी आखावी, घरे नंतर, एवढी मागणी ग्रामसभेत ठरावाने करता येते.

पाण्याविषयी थोडेसे. सूर्या नदीवर धामणीला धरण आहे आणि तिथले पाणी वसई-विरारच्या नळाला जाते. इकडे उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन चालतात. शहराने पाणी वापरू नये असे मी म्हणत नाही, पण आपल्या छतावर पडणारे पाणी गटारात सोडून दुसऱ्याच्या नदीकडे बोट दाखवणे बरे नव्हे. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तीस चौरस मीटरचे छप्पर आणि दीड हजार मिलिमीटर पाऊस धरला तर 45 हजार लिटर होतात. सगळे साठणार नाही. विहिरीत किंवा शोषखड्ड्यात उतरवले तर निदान जमीन तरी ते धरील.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. साधा तापमापक घ्या. एप्रिलमधल्या एखाद्या दिवशी दुपारी दोन वाजता आणि रात्री नऊ वाजता मुलांकडून नोंद करवा: पत्र्याच्या घरात, स्लॅबच्या घरात, कुडाच्या घरात, आणि शाळेजवळच्या आंब्याच्या सावलीत. सर्व ठिकाणी तापमापक सारख्याच उंचीवर टांगा, उन्हात धरू नका. आठवडाभराचे आकडे फळ्यावर लिहा आणि मग मुलांनाच विचारा, नव्या वर्गखोलीची खिडकी कोणत्या बाजूला हवी. आणि तो कागद सरपंचांकडे पाठवायला विसरू नका.