भेव आणि भरवसा

(केळापूर येथील प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



मागच्या बुधवारी वर्ग सुटता सुटता एका आजीने आम्हाला प्रश्न विचारला. पाट्या पिशवीत गेल्या होत्या. मंडळी चपला शोधत होती. आजी दारात थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, तुमी ख्रिस्ती लोक म्हनता, देवावर भरवसा ठेवा. मंग भरवसा ठेवला म्हंजे भेव जाते का?"

आम्ही 'हो' म्हणणार होतो. शब्द ओठावर आला होता. पण आजीच्या तोंडाकडे पाहिले आणि 'हो' म्हणवले नाही. आम्ही म्हणालो, "आजी, पुढच्या बुधवारी सांगतो." आजी हसली. म्हणाली, "म्हंजे तुमाले बी ठाऊक नाही."

खरे सांगायचे तर आठवडाभर त्या हसण्याने आम्हाला झोप नीट लागली नाही. आज उत्तर द्यायला उभे आहोत. जमेल तेवढे देतो.

आजीचे भेव कशाचे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मुलगा नागपुराकडे कारखान्यात नोकरीला आहे. तो आईला घेऊन जातो म्हणतो. वावर ठेक्याने द्यायचे, घराला कुलूप घालायचे. आजी चाळीस वर्षे या गावात नांदली. पऱ्हाटी वेचली, जगदंबेच्या यात्रेतली गर्दी पाहिली, धनी याच मातीत गेला. आता तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जायचे. तिथे शेजारीण कोण, पाणी कधी येते, रस्ता कसा ओलांडायचा, काहीच ठाऊक नाही. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे. तरी पोटात गोळा येतो.

भेव दोन जातींचे असते, असे आम्हाला वाटते. एक वाघाचे. २०१८ साली आपल्या पांढरकवडा वनविभागात त्या वाघिणीने काय दिवस दाखवले, ते आपण विसरलो नाही. वावरात एकट्याने जायची सोय नव्हती. पोरे अंधाराच्या आत घरात. नोव्हेंबरात तिला मारले तेव्हा कुणी फटाके वाजवले, कुणी हळहळले. ते भेव मोठे होते, पण ते साऱ्या गावाचे होते. चार माणसे काठ्या घेऊन, आवाज करत संगतीने जात होती. दुसऱ्या जातीचे भेव एकट्याचे असते. बँकेचा कागद आला, पण वाचता येत नाही. पाऊस लांबला आणि बियाण्याचे पैसे उसने आणलेले आहेत. डॉक्टरने मोठ्या दवाखान्यात न्या म्हटले. या भेवाला काठी चालत नाही आणि माणूस ते कुणाला सांगतही नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कास्तकाराच्या किती घरांत हे न सांगितलेले भेव माणूस घेऊन गेले, हे आम्ही तुम्हाला काय सांगावे?

तर आता एका भित्र्या बाईची गोष्ट सांगतो. 'भित्री' हा शब्द आम्ही अपमानाने वापरत नाही. स्वतःची भीती त्या बाईंनी स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि हसत हसत लिहिली आहे.

त्यांचे नाव लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचे. वडील सोवळ्याचे फार कडक. विटाळाच्या भीतीने सारे घर धाकात. असे समजा, की त्या घरात पाणी हे पिण्यासाठी कमी आणि भिण्यासाठी जास्त होते. मुलीला शाळा नाही. अकराव्या वर्षाच्या सुमाराला लग्न झाले. नवरा नारायण वामन टिळक. मोठा कवी, बुद्धीचा तेज, पण घरात टिकणारा नव्हे. आज इथे, उद्या तिथे. बाईंना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या आग्रहाने. म्हणजे तुमच्यासारखीच, मोठेपणी. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता गोष्टीत आपला मुलूख येतो. टिळक नागपूरला काही वर्षे कामाला होते. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले. आगगाडीच्या डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. अर्नेस्ट वॉर्ड त्यांचे नाव, फ्री मेथडिस्ट मिशनचे. दोघे काव्यावर बोलले, धर्मावर बोलले. उतरताना साहेबांनी टिळकांना नवा करार भेट दिला आणि म्हणाले, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते तेव्हा पटले नाही. पण पुस्तक त्यांनी वाचले. याच फ्री मेथडिस्ट मिशनचे काम पुढे आपल्या जिल्ह्यात रुजले. यवतमाळला १९५३ साली धर्मशिक्षणाचे विद्यालय निघाले, ते १९८३ साली पुण्याला गेले. उमरीला दवाखाना उभा राहिला. तुमच्यापैकी कुणाचे बाळंतपण तिथे झाले असेल.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. बायको दूर, नातेवाइकांकडे. मांडीवर तीन-चार वर्षांचा मुलगा. टिळकांविषयी आम्हाला फार आदर आहे, पण इथे थोडा रागही येतो. माणूस आपल्या अंतःकरणाला स्मरून पाऊल टाकतो, ते खरे; पण त्या पावलाखाली दुसऱ्याचे घर येते. बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत आणि तरी संसार संपलेला. त्या काळी ब्राह्मणाच्या बाईला ख्रिस्ती नवऱ्याकडे जाणे म्हणजे आईबाप, भाऊबहीण, जात, सारे सोडणे. आणि न जाणे म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात राहणे. चार-पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. पत्रे मात्र चालू होती. कधी भांडणाची, कधी मायेची.

शेवटी बाई नवऱ्याकडे नगरला गेल्या. पण कशा गेल्या? आपला धर्म घेऊन, आपले सोवळे घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळे. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, आणि संसार एक. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या पारड्यात टाकले पाहिजे.

पुढचा भाग आम्हाला सर्वांत मोठा वाटतो, आणि त्यात ढोलताशे काहीच नाहीत. बाईंनी एकटीने विचार करायला सुरुवात केली. गाय आणि घोडा देवाने वेगळे केले, ते पाहताच कळते. पण ही माणसाची जात, ती देवाने केली की माणसाने? अंगावर तिची खूण कुठे आहे? विचार करता करता त्यांचे मन ठरले, की हा भेद माणसाचा आहे, आणि यापुढे आपण कुणाच्याही हातचे खाऊपिऊ. आज तुम्हाला हे सोपे वाटेल. पण ज्या मुलीला पाण्याचेच भेव घालून वाढवले, तिच्यासाठी तो पाण्याचा पेला वाघिणीच्या जंगलासारखा होता. पेला उचलताना हात कापला नसेल, असे आम्ही म्हणणार नाही. भेव होते. पेला उचलला.

बाप्तिस्मा त्यानंतरचा. १९०० साली, राहुरीला. नवऱ्याने सांगितले म्हणून नव्हे, पाच वर्षे स्वतःशी झगडून.

आजी म्हणेल, एवढे झाले, मग तरी भेव गेले ना? नाही आजी. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईला वारले. बाई पन्नास वर्षांच्या होत्या. टिळक ख्रिस्ताचे चरित्र ओव्यांत लिहीत होते, 'ख्रिस्तायन' नावाचे. दहाच्या वर अध्याय झाले आणि हात थांबला. एवढा मोठा कवी जिथे थांबला, तिथून पुढे कोण लिहिणार? जिला शाळेचा उंबरठा ठाऊक नव्हता, तिने लिहिले. एक-दोन नव्हे, चौसष्ट अध्याय. आणि म्हातारपणी आपली आयुष्यकथा सांगितली, ती 'स्मृतिचित्रे'. १९३४ सालापासून ती भागाभागाने छापली गेली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी बाई गेल्या. मराठीत आत्मचरित्रे पुष्कळ आहेत. आमच्या मते त्याच्यापुढे बसेल असे क्वचित. त्यात बाईंनी कुठेही 'मी धीराची' असा आव आणलेला नाही. उलट आपली फजिती सांगून लोकांना हसवले आहे. तुमचे वाचन थोडे पुढे गेले, की आपण ते पुस्तक वर्गात वाचू. भाषा आपल्या घरातली आहे, अडणार नाही.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. ते थोडक्यात सांगतो. त्यांचे आईवडील १८७० नंतरच्या दुष्काळात उपासाने गेले, बहीण गेली. पुढे लग्नाला दोन वर्षे होत नाहीत तो नवरा गेला. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा या बाई स्वतः तिथे गेल्या. ज्या भुकेने आपले घर खाल्ले, तिच्या तोंडात पुन्हा. शेकडो मुली आणि बायका त्यांनी सोबत आणल्या आणि पुण्याजवळ केडगावला त्यांना आसरा दिला. आम्ही विचार करतो, आगगाडीतून ती हाडांची सांगाडी झालेली माणसे दिसली असतील, तेव्हा रमाबाईंना आपली आई आठवली नसेल का? आठवलीच असेल. आठवली म्हणूनच त्या गाडीतून उतरल्या असतील.

आता, या बायकांनी ज्याच्यावर भरवसा ठेवला, त्याची स्वतःची गोष्ट पाहा. येशूला पकडले त्याच रात्री तो गेथशेमाने नावाच्या बागेत गेला. उद्या काय होणार, हे त्याला ठाऊक होते. तो शिष्यांना म्हणाला, मला फार दुःख होत आहे, इथे थांबा, जागे राहा. मग जमिनीवर पालथा पडून त्याने देवाला विनविले, की जमत असेल तर हे माझ्यावरून टळू दे. अंगातून घाम गळत होता. आणि शिष्य? शिष्य झोपले होते. संगत मागितली, तीही मिळाली नाही.

आम्हाला लहानपणी ही गोष्ट आवडत नसे. देवाचा पुत्र आणि भितो कसा? समुद्रावरचे वादळ शांत केल्याची गोष्ट आम्हाला आवडे. आता केस पिकले, तेव्हा उलटे झाले आहे. वादळ थांबवणारा आम्हाला दूरचा वाटतो. बागेत घाम फुटलेला माणूस जवळचा वाटतो. त्याने भेव लपवले नाही. ते बापापुढे बोलून टाकले, आणि मग तुझ्या मनासारखे होवो म्हणून उठला व चालू लागला. भेव त्याच्यासंगे चालत होते.

म्हणून आजी, तुझ्या प्रश्नाचे आमचे उत्तर 'नाही' असे आहे. भरवसा ठेवल्याने भेव जात नाही. निदान आमचे गेले नाही. आमची बायको आजारी पडली होती, तेव्हा आम्ही रात्ररात्र प्रार्थना केली आणि रात्ररात्र भ्यालो. दोन्ही एकाच वेळी चालू होते. फरक एवढाच पडला, की ते भेव सांगायला कुणीतरी होते. आणि सांगून झाल्यावर सकाळी उठून चहा ठेवता येत होता, औषधाची चिठ्ठी घेऊन पांढरकवड्याला जाता येत होते.

कुणी म्हणेल, गुरुजी, हे तर आम्ही जगदंबेपुढेही बोलतो, विठ्ठलापुढेही बोलतो. बोला की! आम्ही कुणाला धर्म बदला म्हणायला इथे आलो नाही. लक्ष्मीबाईंना त्यांच्या नवऱ्यानेही तसे जबरीने सांगितले नाही, मग आम्ही कोण? आम्ही ख्रिस्ती आहोत, म्हणून आमच्या घरातला दिवा आम्ही तुम्हाला दाखवला. प्रश्न आजीने ख्रिस्ती लोकांनाच विचारला होता.

आता कामाचे बोलू. आजी, तू पंधरा दिवसांनी जाणार. तोवर चार वर्ग होतात. मुलाच्या घराचा पत्ता तुला स्वतःच्या हाताने लिहिता आला पाहिजे: मजला, खोली, गल्ली, पिन कोड. मुलाचा फोन नंबर पाटीवर दहादा लिहायचा. नागपुरात वाट चुकलीस तर कुणाला विचारायचे ते तोंडाने सांगता येईल, पण कागद हातात असला की आवाज वेगळा निघतो. बसवरची पाटी वाचायची सवय आपण शुक्रवारी स्टँडवर जाऊन करू. बाकीच्यांनीही यावे. 'नागपूर' हा शब्द फळ्यावर आहे. 'पू' दीर्घ, तो तू मागच्या वेळी ऱ्हस्व लिहिला होतास.

घ्या पाट्या.