कोपऱ्यातील यंत्र आणि संस्थेची विश्वासार्हता

(पतसंस्था, शाळा व सेवा-प्रकल्पांची कार्यालये सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय वर्गात दिलेले भाषण)



सकाळच्या सत्रात संगणक, पासवर्ड आणि व्हायरस यांविषयी जाणकारांनी आपल्याला सविस्तर सांगितले. माझ्या वाट्याला आलेला विषय ऐकायला अगदी किरकोळ आहे : कार्यालयातील प्रिंटर आणि झेरॉक्सचे यंत्र. मी तंत्रज्ञ नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार आहे. घडलेल्या घटना नीट समजून घ्याव्यात, त्यांचा अन्वयार्थ लावावा आणि तो लोकांपुढे ठेवावा, एवढेच पत्रकाराचे काम. तेवढेच मी करणार आहे.

आपल्यापैकी जे साठीच्या पुढे आहेत, त्यांना सायक्लोस्टाईलचे यंत्र चांगले आठवत असेल. आणीबाणीच्या काळात भूमिगत पत्रके याच यंत्रावर निघत. पत्रक काढून झाले, तरी मेणकागदाच्या स्टेन्सिलवर अक्षरे तशीच राहतात, हे काम करणाऱ्याला ठाऊक असे. म्हणून मजकूर नाजूक असेल, तर स्टेन्सिलही नष्ट करावी लागे. प्रत निघाली म्हणजे काम संपले असे नव्हे, ही त्या काळातील साधी शिस्त होती. आजचे यंत्र शतपटीने चतुर झाले. पण स्टेन्सिल मागे राहते, ही जाणीव मात्र आपण विसरलो. कारण आता ती डोळ्यांना दिसत नाही.

कार्यालयांत जे मोठे यंत्र असते, म्हणजे झेरॉक्स काढणारे, छापणारे, स्कॅन करून ई-मेल पाठविणारे, ते वस्तुतः एक संगणकच आहे. त्याला स्वतःची स्मृती आहे, स्वतःची प्रणाली आहे, जाळ्यावर स्वतःचा पत्ता आहे. अनेक मोठ्या यंत्रांत हार्ड डिस्कही असते आणि ज्याची प्रत काढली, त्या कागदाचे चित्र तिच्यावर साठू शकते. आपण मूळ कागद कपाटात कुलूपबंद करतो आणि त्याची प्रतिमा मात्र उघड्यावर ठेवतो, असा हा प्रकार आहे.

ही केवळ शंका नव्हे. २०१० साली अमेरिकेतील सीबीएस या वृत्तवाहिनीने एक प्रयोग केला. न्यू जर्सीतील एका गोदामातून चार जुनी यंत्रे विकत घेण्यात आली. प्रत्येकी साधारण तीनशे डॉलर पडले. डिस्क काढून मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने तपासल्या, तेव्हा एका यंत्रात बफेलो शहराच्या पोलिसांची लैंगिक गुन्ह्यांसंबंधीची कागदपत्रे निघाली. दुसऱ्यात अमली पदार्थविरोधी कारवाईत कोणाकोणावर छापा घालायचा, त्याची यादी होती. आणखी एकात अ‍ॅफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यविमा संस्थेच्या रुग्णांच्या नोंदी होत्या. यंत्रे भाड्याची होती, मुदत संपल्यावर परत गेली होती आणि डिस्क कोणी पुसलीच नव्हती. या प्रकरणी अ‍ॅफिनिटीला २०१३ मध्ये तेथील शासनाशी तडजोड करून बारा लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. साडेतीन लाखांच्या आसपास लोकांची माहिती धोक्यात आल्याचे त्या संस्थेने स्वतःच कळविले होते.

ध्यानात घ्या, येथे कोणी दरोडा घातला नव्हता. संस्थेनेच आपल्या हाताने लोकांची गुपिते ट्रकमध्ये चढवून दिली. आपल्याकडेही जुन्या यंत्रांची खरेदी-विक्री आणि भाडेकरार सर्रास होतात. तेव्हा आपल्या कार्यालयातून गेलेले मागचे यंत्र आज कोठे आहे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

दुसरी गोष्ट जाळ्याची. प्रिंटर थेट इंटरनेटवर उघडा राहिला, तर जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून त्याला आज्ञा देता येते. २०१६ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या प्रिंटरांतून ज्यूद्वेषी पत्रके आपोआप बाहेर पडू लागली. २०१८ मध्ये एका टोपणनावी व्यक्तीने सुमारे पन्नास हजार प्रिंटरांवर एका यूट्यूब वाहिनीची जाहिरात छापून दाखविली. हसण्यावारी न्यावे, असे हे प्रकार वाटतात. पण जो तुमच्या यंत्रातून कागद काढू शकतो, तो काही यंत्रांत छापायला आलेला कागद वाचूही शकतो. शिवाय स्कॅन थेट ई-मेलने जावे, म्हणून आपण यंत्रात ई-मेलचा पासवर्ड भरून ठेवलेला असतो. चोराच्या दृष्टीने तो पासवर्ड म्हणजे घराची किल्लीच होय.

संगणक आणि प्रिंटर यांच्यामध्ये छपाईची कामे रांगेत लावणारा जो भाग असतो, त्यालाही चोरांनी सोडले नाही. इराणच्या नतान्झ येथील अणुकेंद्रातील यंत्रे बिघडविणारा 'स्टक्सनेट' २०१० मध्ये उघडकीस आला. एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरण्यासाठी त्याने जे मार्ग वापरले, त्यांत विंडोजच्या याच छपाई-व्यवस्थेतील एक उणीव होती. २०२१ मध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाने गाजलेली उणीवही तेथलीच. मायक्रोसॉफ्टला तिच्यासाठी नेहमीच्या तारखेची वाट न पाहता तातडीने दुरुस्ती द्यावी लागली.

आता पतसंस्थांच्या प्रतिनिधींनी विशेष लक्ष द्यावे, अशी घटना सांगतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर दरोडा पडला. चोरांनी बँकेच्या संगणकांत शिरून न्यूयॉर्कमधील फेडरल रिझर्व्ह बँकेला पैसे वळविण्याच्या पस्तीस बनावट सूचना पाठविल्या. एकूण रक्कम होती सुमारे ९५ कोटी डॉलर. आंतरराष्ट्रीय व्यवहारांची नोंद एका प्रिंटरवर आपोआप छापली जात असे. चोरांनी प्रथम त्या छपाईचाच बंदोबस्त केला. शुक्रवारी सकाळी प्रिंटर चालेना. अधिकाऱ्यांना वाटले, नेहमीचा बिघाड असेल. शुक्रवार-शनिवार तेथे सुट्टी, रविवारी न्यूयॉर्क बंद, सोमवारी चिनी नववर्षानिमित्त मनिला बंद. प्रिंटर चालू होऊन फेडरल रिझर्व्हचे प्रश्नार्थक संदेश बाहेर पडले, तोवर पैसा निघून गेला होता. बहुतेक सूचना अडल्या, श्रीलंकेकडे गेलेले दोन कोटी डॉलर परत मिळाले. पण ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये पोहोचले आणि त्यांतील फार मोठा भाग तेथील कॅसिनोंत जिरला.

बंद पडलेला प्रिंटर ही त्या दिवशी घंटा होती. ती वाजत होती, पण कोणी ऐकली नाही. म्हणून नोंदी छापणारे यंत्र अकारण बंद पडले किंवा अकारण छापू लागले, तर केवळ मेकॅनिकला फोन करून थांबू नका. जबाबदार अधिकाऱ्याला कळवा.

मेकॅनिकचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक जुनी कथा. १९६० च्या दशकात वॉशिंग्टनमधील सोव्हिएत वकिलातीत झेरॉक्स कंपनीचे यंत्र होते. अमेरिकी गुप्तहेर संस्थेने त्यात छोटा कॅमेरा बसवून घेतला होता. रिळे कोण बदलत असे? देखभालीसाठी नियमित येणारा कंपनीचा माणूस. वकिलातीच्या दारावर पहारा होता. पण यंत्र दुरुस्त करायला येणाऱ्यावर कोणी संशय घेतला नाही. आपल्याकडे येणारा मेकॅनिक प्रामाणिक असतो, त्याचा अवमान करण्याचे कारण नाही. तथापि तो कोण, कोणी पाठविला, त्याने कोणता भाग काढून नेला, याची नोंद ठेवण्यात अवमान नाही. ती व्यवस्था आहे.

मग करायचे काय? यातील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, लक्ष लागते.

पहिले, यंत्राबरोबर कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. २०२५ मध्ये ब्रदर कंपनीच्या ६८९ प्रकारच्या यंत्रांविषयी असे उघड झाले की, त्यांचा मूळ पासवर्ड यंत्राच्या अनुक्रमांकावरून काढता येतो. विकलेल्या यंत्रांतील हा दोष केवळ सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीने पूर्णपणे जात नाही. मालकाने पासवर्ड बदलणे हाच उपाय, असे कंपनीलाही सांगावे लागले. दुसरे, प्रिंटर इंटरनेटवरून थेट पोहोचता येईल असा ठेवू नका. तो आतल्या जाळ्यापुरताच राहील, हे जाणकाराकडून पाहून घ्या. जमल्यास पाहुण्यांचे वायफाय वेगळे ठेवा. तिसरे, कंपनी देते त्या दुरुस्त्या संगणकाप्रमाणेच प्रिंटरलाही वेळेवर करून घ्या आणि ज्या सुविधा आपण वापरत नाही, त्या बंद करा. चौथे, गोपनीय छपाईसाठी यंत्राजवळ जाऊन पिन टाकल्यावरच कागद निघेल, अशी सोय अनेक यंत्रांत असते, ती वापरा. ट्रेमध्ये तासभर पडून राहिलेली पगारपत्रके वाचायला हॅकर लागत नाही. पाचवे, स्कॅनसाठी अध्यक्षांचा किंवा सचिवांचा ई-मेल न वापरता स्वतंत्र, मर्यादित अधिकारांचे खाते ठेवा. सहावे आणि सर्वांत महत्त्वाचे, यंत्र परत करताना, विकताना किंवा भंगारात देताना डिस्क पुसून घ्या अथवा काढून ठेवा आणि ही अट भाडेकरारातच लिहून घ्या. लहान प्रिंटरमध्ये डिस्क नसली, तरी वायफायचा पासवर्ड असतो; तोही पुसायला हवा.

कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या आपल्या शासकीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यात, पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या भयाने जे केले जाते, ते दंडापुरतेच टिकते. आपल्या पतसंस्थेत भाजीवाल्या मावशी कर्जासाठी आधारची प्रत देतात, शाळेत पालक मुलाचा जातीचा दाखला देतात, रक्तपेढीत दाता आपला आजार सांगतो. ही माणसे यंत्रावर विश्वास ठेवत नाहीत, आपल्यावर ठेवतात.

शेवटी रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका आठवा. दरवाजे बंद झाल्यावर ती तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेली. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा गौरव केला आणि जेथून ती उतरली, तेथे बुरूज बांधून घेतला. सुरक्षेचे सारे शास्त्र या दोन कृतींत आहे. उद्या कार्यालयातील एखादी लिपिक भगिनी 'साहेब, प्रिंटरमधून भलताच कागद आला' असे सांगत आली, तर तिच्यावर खेकसू नका. तिचे आभार माना आणि बुरूज बांधायला घ्या. आपल्या गडाचा उघडा कडा तिने दाखविलेला असतो.

प्रत्येक संस्थेने या महिन्यात एका कार्यकर्त्याच्या नावे ही जबाबदारी लेखी सोपवावी, एवढी विनंती करून मी थांबतो.