गाठ मुळाची आणि गाठ अंगाची

आपल्या कोल्हापूर भागात भुईमूग, सोयाबीन भांगलताना एखादं रोप मुळासकट हातात येतं. मुळांवर बारक्या गाठी दिसल्या की रोग आला म्हणून घाबरू नका. त्या गाठींत रायझोबियमचे जिवाणू असतात. ते पिकाकडून साखर घेतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात, म्हणजे घरचाच युरिया! गाठ नखानं फोडा, आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे. मूळच फुगून वेडंवाकडं झालं असेल, तर मात्र ते सूत्रकृमीचं काम.

अंगावरची गाठ वेगळी. केसतूडही जिवाणूंमुळंच होतं, पण ते ठणकतं, म्हणून लगेच दाखवलं जातं. आम्हाला काळजी न दुखणाऱ्या गाठींची. कानाच्या पाळीवर, चेहऱ्यावर गाठी किंवा अंगावर बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोग असू शकतो. शेंडा पार्कचं नाव काढलं की अजून काहीजणी आवाज खाली करतात. हा शाप नव्हे, जिवाणू आहे. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी तो 1873 साली शोधला. लेकीचं लग्न मोडेल म्हणून चट्टा लपवला, तर नसा खराब होऊन बोटं वाकडी होतात. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायच्या. आधी आशाताईंना दाखवा.